यूसुफचाचांची मोजदाद

यूसुफचाचांसमोर 'गर्दी' हा शब्द उच्चारायची सोय नाही. दिवाळीच्या सुट्टीत श्रीवर्धनला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, बाजारातून पायी जाणंसुद्धा अवघड होतं, आणि कुणीतरी सहज बोलून जातं की यंदा गर्दी फार आहे. चाचा असतील तिथून मान वर करतात.

"गर्दी म्हणजे किती? मोजलं कुणी?"

समोरचा बिचारा विषय बदलतो. कुणी उत्साहाने आकडा सांगितलाच, तर चाचांचा दुसरा प्रश्न तयार असतो. "आणि समोरून कुणी मोजलं?"

हे समोरून मोजणं म्हणजे त्यांच्या जुन्या नोकरीचा अवशेष. चाचा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीवरून माल उतरायचा तेव्हा बोटीचा एक माणूस गोण्या मोजायचा आणि धक्क्यावरून एक. संध्याकाळी दोघांचे आकडे ताडून बघायचे. दोघांचे आकडे पहिल्या झटक्यात जुळले, तर म्हणे साहेबाला आनंद होण्याऐवजी संशय यायचा, की यातला एकजण झोपला होता आणि दुसऱ्याचं बघून लिहिलंय. निवृत्त होऊन गावी आले, पण मोजायची सवय घेऊनच आले. एकदा आमच्या पाखाडीतल्या, म्हणजे वाडीतल्या, एका लग्नात ते मांडवाच्या दाराशी न बसता हात धुवायच्या जागेजवळ खुर्ची टाकून बसले. मी कारण विचारलं. म्हणाले, दारातून येणारा जेवेलच असं नाय, हात धुणारा जेवतो. नवऱ्या मुलाचे वडील पुढे चार ठिकाणी सांगत होते की अख्खं गाव जेवून गेलं. चाचांनी ते दुरुस्त केलं. त्या गृहस्थांनी पुढच्या ईदपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

असा हा माणूस आमच्या वेबसाइटच्या वाटेला गेला, त्याची ही हकीकत.

बाजारात माझं संगणकाचं दुकान आहे. ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, लोकांच्या परीक्षांची प्रवेशपत्रं, असली कामं. आमच्या पाखाडीतल्या काही घरांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आणि सगळ्यांनी मिळून एक वेबसाइट करायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. पुढाकार अविनाशचा होता. त्याचं घर चाचांच्या घराला लागून, मध्ये फक्त गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा. घराघरांत जाऊन फोटो मीच काढले. पानाच्या तळाशी एक आकडा ठेवला, किती लोकांनी भेट दिली ते सांगणारा. तो आकडा फुगत गेला तसा अविनाशही फुगत गेला. दोनेक वर्षांनी त्याने एसटी स्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर आमच्या वेबसाइटला भेट देणाऱ्या लाखो पर्यटकांचे आभार मानले होते.

चाचा तो फ्लेक्स वाचून तडक दुकानात आले. चष्मा नेहमीसारखा कपाळावर.

"वर्षा बेटा, हे लाखो मोजले कुणी?"

मी म्हटलं, कॉम्प्युटर मोजतो. त्यावर दुसरा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तो आलाच.

मला त्यांनी वेबसाइट उघडायला लावली. तळाचा आकडा बघितला. मग बंद करून परत उघडायला सांगितलं. आकडा एकाने वाढला. परत बंद, परत उघडी. आकडा परत वाढला. चाचा शांतपणे म्हणाले, "म्हणजे एकच गोणी आपण फिरून फिरून क्रेनला लावतोय."

मला हसू आलं. तो आकडा पान किती वेळा उघडलं ते सांगत होता. माणसं किती आली ते नाही. आणि अविनाश दिवसभर दर थोड्या वेळाने आकडा कितीवर गेला ते बघायला तेच पान उघडत असे.

त्या दिवसापासून चाचा रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागले. चाची गेल्यापासून घरी एकटेच असतात, मुलगी महाडला दिलेली. जेवून यायचे, पंख्याखालची खुर्ची धरायचे. मी भेटींचा नीट हिशेब ठेवणारी व्यवस्था वेबसाइटला जोडली आणि मग आम्ही दोघं वजाबाकीला लागलो. सगळ्यात आधी गेली यंत्रं. इंटरनेटवर पानं चाळत फिरणारे प्रोग्राम असतात, ते माणसासारखेच येतात आणि जातात, हे मी चाचांना समजावलं. त्यांना ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर कळलं. धक्क्यावर सांडलेलं धान्य झाडून गोळा करतात, ते गोण्यांत धरत नाहीत, तसंच ना, असं म्हणून त्यांनी त्या यंत्रांचं नाव 'झाडलोट' ठेवलं. मग एके दिवशी त्यांनी ठरवलं की आपली माणसंही मोजायची नाहीत. घरच्यांनी घरात येणं ही काय भेट? खोल्यावाल्या प्रत्येकाचा फोन त्यांनी दुकानात आणवला आणि मी त्यात एक खूण ठेवली, म्हणजे त्या फोनवरून पान उघडलं तरी धरलं जाणार नाही. अविनाशने फोन दिला तो रक्त तपासायला दिल्यासारखा.

पान उघडून क्षणात निघून जाणाऱ्यांचं काय करायचं यावर आमचा वाद झाला. मला वाटलं चाचा त्यांना कापतील. तर नाही. दारात उभा राहून बघून गेला तोही आलाच, म्हणाले, फक्त त्याला वेगळ्या रकान्यात लिही.

"आणि कुवेतला एका खोलीत आपली सहा पोरं एका फोनात डोकं घालून गाव बघतात," ते पुढे म्हणाले. "तिथं तुझं यंत्र काय लिहितं?"

"एक."

"मग?"

मी म्हटलं, त्याला इलाज नाही. कळायला मार्गच नाही.

"तर तसं लिही. माहीत नाय, असं लिही. गोदीत तसा रकाना असायचा. ज्याच्या कागदात तो रकाना नाय, त्याच्यावर भरोसा ठेवायचा नाय."

मी कितीतरी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसते आहे. पण पडद्यावर आलेल्या आकड्याकडे असं तिरकं बघायची सवय मला त्या दुपारींत लागली.

वजाबाकी संपली तेव्हा लाखो पर्यटकांचे काही शेकडे उरले होते. अविनाशच्या ओटीवर बैठक झाली. मी आकडे वाचून दाखवले. अविनाश एवढंच म्हणाला की चाचांना आमचं बरं बघवत नाही. जेवढे आहेत तेवढे खरे आहेत, त्यांना चहा तरी नीट देता येईल, असं काहीतरी चाचा पुटपुटले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. अविनाशने तो उलटा करून पडवीतल्या लाकडांवर टाकला.

त्या सगळ्या पडझडीत अविनाशला एकच आधार होता. वेबसाइटवर त्याच्या मागच्या अंगणाच्या फोटोचं एक पान होतं. ते कुणीतरी जवळजवळ रोज उघडत होतं, आणि उघडून बराच वेळ थांबत होतं. हिशेबात तो माणूस मुंबईचा दिसत होता. अविनाशने मनाशी ठरवून टाकलं की हा कुणीतरी मोठा, कामाने थकलेला मुंबईकर असणार आणि त्याच्या अंगणात विश्रांतीला यायचं त्याने पक्कं केलंय. त्या अनोळखी माणसासाठी त्याने आंब्याला झोपाळा टांगला. पानावर गरम पाण्याची सोय असल्याचं लिहायला लावलं. मग शाकाहारी जेवणाची. मग, न जाणो, मांसाहारीचीही. रोज दुकानासमोरून जाताना तो आत डोकावून विचारायचा, "येऊन गेला का आपला माणूस?"

चाचा त्या वेळी खुर्चीत असले तर वर्तमानपत्रात तोंड घालायचे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पुढे मुंबईच्या एका पर्यटन कंपनीने आमच्या खोल्यांत रस दाखवला. त्यांच्या बाई बघायला येणार होत्या आणि त्यांना वेबसाइटचे आकडे हवे होते. अविनाश म्हणाला, एकूण आकडा लहान आहे तर असू दे, पण अंगणाचं पान वर घ्या, बाहेरची माणसं इथं किती वेळ थांबतात ते त्यांना दिसू दे. त्यात खोटं काही नव्हतं. मी तसा कागद तयार केला.

त्या दुपारी चाचा आले, पण खुर्चीत बसले नाहीत. एक मुलगी अर्ज भरत होती, ती जाईपर्यंत काउंटरला टेकून उभे राहिले. मग खिशातून आपला फोन काढून माझ्यासमोर ठेवला.

"यात खूण ठेव," म्हणाले.

मी म्हटलं, तुमची कुठं खोली आहे चाचा, तुमचा फोन कशाला?

"अंगणाचं पान बघतो तो मुंबईचा नाय. तो मी हाय."

मोबाइलवरून पान उघडलं की हिशेबात गाव कधी कधी मुंबई दाखवतं, हे मला ठाऊक होतं. लक्षात आलं नव्हतं. मी ते पान उघडलं. फोटो मीच काढलेला. अविनाशचं सारवलेलं अंगण, माड, हिरवी खुर्ची. आणि मागे, गडग्यापलीकडे, चाचांच्या अंगणात रुकय्याचाची. खाली वाकून सुपारी वाळत घालतायत. डोक्यावरचा पदर वाऱ्याने थोडा मागे गेलाय. फोटो काढताना त्या तिथं आहेत हे मला दिसलंही नव्हतं, आणि मी फोटो काढतेय हे त्यांना. दिसलं असतं तर त्या आत गेल्या असत्या. कॅमेरा बघितला की त्या आत जायच्या. लेकीच्या लग्नातही त्यांचा एक फोटो नाही. त्याच वर्षी थंडीत त्या गेल्या.

"आधार कार्डावर हाय तिचा फोटो," चाचा म्हणाले. "पण ती नाय वाटत. कुणाला तरी भ्यायल्यासारखी दिसते."

सगळ्यांचे फोन त्यांनी मला आणून दिले होते आणि स्वतःचा तेवढा खिशात ठेवला होता. ते त्यांना खात होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी फोनात खूण ठेवली. अविनाशला मी सांगते म्हटलं, तर नको म्हणाले, आणि स्वतः जाऊन सांगून आले. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही.

कंपनीच्या बाई आल्या, आकडे बघितले, चहा आणि आंबोळ्या मनापासून खाल्ल्या आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून गेल्या. अविनाशने चाचांवर राग धरला नाही, पण काही दिवस तो गडग्याच्या बाजूला फारसा फिरकला नाही.

हंगामाच्या तोंडावर तो पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आला. खोल्यांना नवा रंग, अंगणात फरशी, गाड्या लावायला जागा. सगळे जुने फोटो काढून हे नवे टाकायचे होते. मी ते बाजूला ठेवून आधी चाचांच्या घरी गेले. म्हटलं, तो फोटो काढला जाणार आहे, मी त्यातल्या चाचींचा मोठा करून छापून देते, छान फ्रेम करू, भिंतीवर लावा.

चाचा गडग्याकडे बघत होते.

"नको," म्हणाले. "भिंतीवर आली की ती घरातलीच झाली, येता जाता नजर जाते, मग बघणं होत नाय. आता कसं, दुपारची नमाज झाली की हातपाय धुऊन बसतो, फोन काढतो, तिकडं जातो. फोटो घरी आणला तर भेटायला जायचं कुठं?"

मी दुकानात परत आले तेव्हा अविनाश काउंटरपाशीच थांबला होता. चाचा जे बोलले ते मी त्याला सांगितलं. तो पडद्याकडे वाकला, नवे फोटो एकेक करून पुढे सरकवत राहिला, आणि मागच्या अंगणाच्या नव्या फोटोपाशी आल्यावर थांबला.

"हा नको टाकू, वर्षाताई," म्हणाला. "तिथं जुनाच राहू दे. बघतात लोक."