तीन बोरांची टिकली

एका जंगलात त्या दिवशी गार, झोंबरा वारा सुटला होता. ऊन होतं, पण नावापुरतं. अशाच दिवसांत बोरं पिकतात, बाळांनो.

त्या जंगलात लाकडाचं एक नाणं चाले. त्याला म्हणत टिकली. एका टिकलीला एक बोर मिळे.

आता टिकली करणार कोण? सुतारपक्षी. त्याची मजुरी तीन बोरं. एक बोर खैराचं लाकूड आणण्याचं, एक ते गोल करण्याचं, आणि एक त्यावर सिंहमहाराजांची मिशी कोरण्याचं.

घाई करू नका. पुन्हा मोजा. हो, तीनच.

इतकं करून टिकली कोणी जपत नसे. गवतात पडली तर वाकून उचलतो कोण? दुकानदारीण मैना तर सरळ म्हणे, "सुट्टे नाहीत बाई, चिंचोका घ्या."

टिकल्या हरवत, मग नव्या करत. असं करता करता चार बोरी ओरबाडून झाल्या. पाचवी उरली भिवा सशाच्या दारात. तिच्यावर त्याची चार पिल्लं हिवाळा काढायची.

भिवा दरबारात गेला. "महाराज, एका बोराच्या नाण्यापायी तीन बोरं जातात. टिकली बंद करा, माझी बोर वाचेल."

सिंह गुरगुरला, "टिकली गरिबाचं नाणं आहे. बंद केली तर गरीब काय म्हणेल?"

"महाराज, गरीब मीच आहे."

"तू गप बस. तुला गरिबांचं काय कळतं?"

तरी महाराज दयाळू. त्यांनी समिती नेमली. अस्वल, बगळा आणि कोल्हा. समिती सात वेळा बसली, सात टोपल्या बोरं खाऊन उठली. ठरलं असं, की मिशीचे केस सहाऐवजी पाच कोरावेत. म्हणजे बचत.

पण पाच केसांचा नवा साचा हवा. त्याला दोनशे बोरं लागली. ती भिवाच्या दारातून गेली.

फुकट नाही हं! राज्य कोणाचं बुडवत नाही. कोल्ह्यानं एका बोराला एक, अशा दोनशे कोऱ्या टिकल्या थैलीत घालून भिवाच्या पाठीवर दिल्या.

भिवा वाकत वाकत मैनेकडे गेला. "बोरं दे बाई, पोरं उपाशी आहेत."

"बोरं कुठली आता? सगळी टिकल्यांत गेली की!"

भिवा थैली घेऊन परत आला. पिल्लांनी थैलीत तोंडं घातली आणि बाहेर काढली. भिवा उंबऱ्यात बसून रडू लागला.

तात्पर्य : मी शिकलेला नाही, मला ते काढता येत नाही. शेजारची घोरपडमावशी भिवाला जे बोलली, तेच सांगतो: "रडतोस काय मेल्या? काल उपाशी असतास तर भिकारी म्हटलं असतं. आज थैली भरून उपाशी आहेस. आता तुला जंगल श्रीमंत म्हणेल!"