रंगमास्तरांची भोपळी छटा

या हिवाळ्यात आपल्याला साधी शिंकही येणार नाही, असं रंगमास्तरांनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं.

मास्तर शाळेतले नव्हेत. त्यांची उभी हयात रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्यात गेली, म्हणून हे नाव. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा आणून द्यावा आणि मास्तरांनी डब्यात थेंब थेंब टाकत तोच रंग काढून द्यावा. आता ते निवृत्त, एकटे, आणि दोन खोल्यांच्या घरात स्वतःच्या मर्जीचे राजे. नेमकं ते राज्यच पणाला लागलं होतं. गेला हिवाळा त्यांनी बराचसा अंथरुणात काढला होता आणि दर खेपेला लेकीला रजा टाकून धावत यावं लागलं होतं.

"यंदा एकदा जरी आजारी पडलात ना बाबा, तर बाडबिस्तरा उचलून कायमचं माझ्याकडे. कबूल?"

"कबूल."

"मी खोली रंगवून ठेवते. कुठला रंग देऊ?"

"भोपळी दे. डोळ्याला बरा. मी काही येत नाही म्हणा."

हा आत्मविश्वास वाचनालयातल्या एका व्याख्यानातून आला होता. वय वाढलं की प्रतिकारशक्ती मंदावते, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. वनस्पतींत अँटिऑक्सिडंट नावाची द्रव्यं असतात, ती पेशींची झीज रोखायला हातभार लावतात, आणि त्यांतली बरीचशी भाज्या-फळांच्या रंगातच असतात. पुढे बाई असंही म्हणाल्या की सगळं थोडं थोडं खावं, म्हातारपणी याचा नेमका किती उपयोग होतो ते अजून ठरायचंय, आणि फ्लूची लस चुकवू नये. पण 'रंग' म्हटल्याबरोबर मास्तर उठून भाजीबाजाराची वाट चालू लागले होते.

बाजारात त्यांनी खिशातून कारखान्याचं जुनं शेडकार्ड काढलं आणि गाजराला लावून पाहिलं.

"याहून एक छटा गडद दाखव."

"काका, गाजर आहे ते," भाजीवाली म्हणाली. "कापड नाही. धुतलं तर रंग जाईल का, तेही विचारा आता."

"जाईल का?"

भाजीवालीने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

त्या दिवसापासून सकाळी गाजर, दुपारी लाल भोपळा, संध्याकाळी पुन्हा गाजर आणि वर बीट. फिक्या पदार्थाला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. लेकीच्या आग्रहाखातर मास्तर लस घ्यायलाही एकदा जाऊन आले. परिचारिकेने बाटली हातात घेतली. आत पाण्यासारखं नितळ काहीतरी.

"याला रंग नाही?"

"नाही."

"मग पुन्हा येतो," म्हणून मास्तर परतले. बिनरंगी द्रव त्यांनी जन्मभर फक्त ब्रश धुवायला वापरला होता.

महिना-दीड महिन्यात मास्तरांचा तळहात शेडकार्डावरच्या भोपळी चौकटीशी जुळला. त्यांना समाधान वाटलं. काम सफाईचं होतं. कुठे डाग नाही, ओघळ नाही. गुण अंगात चांगलाच मुरलेला दिसत होता.

रविवारी लेक आली. मास्तरांनी दार उघडलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाबा, तुम्हाला कावीळ झालीय."

"कावीळ पिवळी. ही भोपळी आहे. मध्ये चार छटा येतात."

"लघवीचा रंग कसा आहे?"

"लाल. पण ती बिटामुळे..."

"चपला घाला," लेक म्हणाली.

दवाखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. मास्तरांना दोन खोकणाऱ्यांच्या मधली खुर्ची मिळाली. डावीकडचा निदान रुमाल धरत होता. उजवीकडच्याने दुपारभर मास्तरांच्या खांद्यावरच भागवलं.

डॉक्टरांनी पापण्या ओढून डोळे पाहिले, रक्ताचे अहवाल पाहिले, आणि खाता काय ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"गाजर-भोपळ्याचा रंग कातडीत उतरलाय, काका. कावीळ असती तर डोळेही पिवळे दिसले असते. घाबरू नका. खाणं आवरा, रंग आपोआप उतरेल. लस घेतली ना?"

"बिनरंगी आहे ती."

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

"म्हणजे मी ठणठणीत," बाहेर पडताना मास्तर म्हणाले. "पैज माझी."

"तुमची, बाबा," लेक म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला की मास्तरांना उगाचच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी मास्तरांचं नाक गळू लागलं. संध्याकाळी अंग तापलं.

"आवाज का बसलाय?" लेकीने फोनवर विचारलं.

"फोन जुना झालाय," मास्तर म्हणाले, आणि लागोपाठ तीनदा शिंकले.

मग लेक म्हणाली, "शेडकार्ड बरोबर घ्या. तुम्हाला करमणार नाही."

तिने शब्द पाळला होता. खोली झकास भोपळी. चादर आणि पांघरूणही तिने भिंतीला जुळवून आणलं होतं. मास्तरांनी भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. बोटं कुठे संपतात ते त्यांचं त्यांनाच कळेना. पोरीने नजर बापाची घेतली होती. तक्रारीला जागाच नव्हती. मास्तर गळ्यापर्यंत पांघरूण ओढून, भिंतीला टेकून बसले.

थोड्या वेळाने जावई चहा घेऊन दारात आला. त्याने पलंगाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"अगं, बाबा कुठे गेले?"

तेवढ्यात भिंत शिंकली.