स्टोअरमधला वाघ

सदाशिवअण्णा कॉम्प्युटरशी बोलतात, आणि तेही दोन भाषांत. सकाळी मशीन सुरू करताना कन्नडमध्ये लाडीगोडी, "बारप्पा, बा!" म्हणजे ये रे बाबा, ये. मशीन अडलं की मात्र मराठीत उद्धार. "रागवायला मराठीच लागते, तम्मा. आम्ही मूळचे मिरजेकडचे." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी. तारिहाळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळतात आणि मी कॉम्प्युटर. चपला बाहेर काढून ते मशीनपुढे बसतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थिजलो होतो.

एका वॉशरसाठी हा माणूस मॅनेजरला सही करायला लावतो. "लोखंडाला पाय नसतात, माणसांना असतात," हे त्यांचं पालुपद.

मागच्या महिन्यात हेड ऑफिसचं फर्मान आलं. सगळे कॉम्प्युटर कंपनीच्या डोमेनला, म्हणजे एका सामायिक जाळ्याला, जोडा, प्रत्येकानं आपापल्या नावानं लॉगिन करायचं, जुनी खाती पुसून टाका. रविवारी सुट्टीत मी ते उरकलं.

सोमवारी सकाळी स्टोअरमधून आरोळी आली, "तम्मा, घर फोडलं रे माझं!"

धावत गेलो. जुनं नाव, जुना पासवर्ड मशीन घेईना. मी नवं नाव लिहून दिलं. अण्णांनी चष्मा वर करून वाचलं. "एस डॉट जोशी? ह्या नावानं मला माझ्या आईनंसुद्धा कधी हाक मारली नाही."

कसंबसं लॉगिन झालं आणि समोर कोरा करकरीत पडदा आला. नव्या नावाला नवा डेस्कटॉप मिळतो, हे मला ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं. ते पांढरेफटक पडले.

"वाघ कुठाय?"

मला वाटलं, अण्णांचं डोकं फिरलं. "मालाची यादी सर्व्हरवर आहे, अण्णा. एक बोल्ट हललेला नाही."

"यादी घाल चुलीत! माझा वाघ दे."

वॉशरसाठी मॅनेजरला उभं करणारा माणूस यादी चुलीत घाल म्हणतो! मी हबकलोच. जुनी खाती मी माझ्या हातानं पुसली होती. हेही पुसलं होतं का? आठवता आठवता ध्यानात आलं की स्टोअरची पाळी आली तेवढ्यात वीज गेली होती. खातं नुसतं बंद झालं होतं, पुसायचं राहिलं होतं. वीज गेल्याबद्दल मी जन्मात पहिल्यांदा देवाचे आभार मानले.

खातं पुन्हा चालू केलं. "आता जुन्या नावाआधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ द्या, म्हणजे मशीन जुन्या घरात सोडतं. पासवर्ड काय?"

"मला कुठं येतो? बोटांना येतो." डोळे मिटून त्यांनी टाइप केलं.

जुना डेस्कटॉप आला. त्यावरची एक एक्सेल फाइल त्यांनी उघडली, तर चौकटींत वाघबकरीचा डाव मांडलेला, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचा तो खेळ. बकऱ्या अण्णांच्या, वाघ बसूचा. खाली कन्नडमध्ये एक ओळ: 'तुझी चाल, बसू.'

बसू म्हणजे दुपारपाळीचे स्टोअरकीपर बसप्पा, अळणावरकडचे. एकाच खुर्चीवर, एकाच लॉगिनवर दोघांनी अकरा वर्षं काढली. रोज एक चाल याची, एक त्याची. पण बसप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी स्वतः मातीला गेलो होतो.

"अण्णा, दोन वर्षं तुम्ही हे रोज..."

"चाल त्याची आहे. मी कशी खेळू?" ते पडद्याकडं बघतच म्हणाले. "वाघाला एक वाट मुद्दाम मोकळी ठेवली होती. दिसली असती त्याला."

"फाइल तुमच्या नव्या नावावर टाकून देतो."

"तिथं बसू कसा येईल? त्याला कुठं नवं नाव दिलंय तुम्ही?"

जुनी खाती पुसली, असं मी हेड ऑफिसला कळवून टाकलं. एक राहिलंय, हे कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरवरून जात होतो. अण्णांनी चपला काढल्या, टिंब दिलं, तिरकी रेघ दिली आणि हळूच म्हणाले, "बारप्पा, बा."

मी जागच्या जागी थांबलो. ही हाक कुणाला होती, ते मला आत्ता कळलं. बसप्पांना मराठी येत नव्हती.