मताचे हात

"राहे, जेवल्याबिगर हात वर करू नगंस. उपाशी माणूस कशालाबी व्हय म्हणतंय."

हंबीररावांचं हे शेवटच्या दिवसांतलं सांगणं. आष्ट्यातल्या हळदीच्या गिरणीची त्यांनी कंपनी केली, तेव्हा शेअर दोन जातींचे केले होते. दोन्ही पोरांना नफ्याचे शेअर. पैसा जास्त, पण मत नाही. मताचे शेअर बायकोकडे, म्हणजे राहीबाईंकडे, आणि थोडे धाकट्या भावाकडे, तात्यांकडे. "पोरं भांडत्यात. खाऊ देत पोटभर, हात तेवढा तुझा," असं ते म्हणाले होते.

धाकटा राजवर्धन पुण्यात राहायचा. दर शनिवारी गावी यायचा आणि चार वर्षं त्याचा एकच धोशा, गिरणी पुण्याच्या मसालेवाल्यांना विकून टाकू. थोरल्या धैर्यशीलला ते नको होतं. पण नको म्हणायला त्याच्याकडे मत नव्हतं. म्हणून त्यानं सभा मुद्दाम सोमवारी ठेवली. सोमवारी राहीबाईंचा उपवास आणि मौन, दिवेलागणीपर्यंत. मौनही असं कडक, की लिहून सांगणं नाही की खूण नाही. खूण करणं म्हणजे हातानं बोलणंच, असं त्यांचं म्हणणं.

"हातच वर व्हायचा न्हाई," धैर्यशील बायकोला म्हणाला. "ठराव आपसूक पडतोय बघ."

अंकिता सांगलीत कंपन्यांचेच कागद सांभाळायची. "त्यापेक्षा आईंना सरळ विचारा ना."

"राज्याचं तोंड बघितलं की आई विरघळती. तू गप."

सभा गिरणीच्या हापिसात भरली. तात्या अध्यक्ष. पुण्याचे मसालेवाले साहेब पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. तात्यांनी ठराव वाचला आणि विचारलं, "गिरणी विकायला ज्यास्नी कबूल हाय, त्यांनी हात वर करा."

नेमकी तेव्हाच भैरोबाच्या देवळात दुपारच्या आरतीची घंटा वाजली. राहीबाईंनी हात जोडले, डोक्यावर नेले आणि डोळे मिटले. रोज करतात तसंच.

"वैनी, एक हात पुरं हुता की!" म्हणत तात्यांनीही आपला हात वर केला. वहिनीच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते.

राजवर्धननंही छातीशी हात घट्ट जोडले होते. पण तिकडं कोण बघतंय? त्याच्या शेअरांना मतच नव्हतं.

साहेबांनी बॉक्सची दोरी सोडली.

"आवं, ती देवाला हात जोडतीया!" धैर्यशील ओरडला.

"म्या इचारलं तवाच वर गेलं की रं."

"आई, सांग की यास्नी!"

राहीबाई पापणीही न हलवता बसून राहिल्या.

"तात्या, निकाल जाहीर करू नका!" अंकिता पुढं झाली. "त्याआधी मताचे शेअर असलेल्यानं कागदावर मतदान मागितलं, तर हातांची मोजणी रद्द होते. तुम्ही मागा."

"म्या? वैनीच्या हाताविरुद्ध? मेलो तरी न्हाई."

म्हणजे आता राहीबाईंनीच मागायचं, तेही दिवे लागल्यावर. तोवर सभा जिवंत ठेवणं आलं. धैर्यशीलनं यंदाचा जमाखर्च वाचला, मग गेल्या वर्षीचा. गिरणीचं पहिलं यंत्र सांगलीहून कसं आणलं, ते तात्यांनी सांगितलं आणि कुणी आग्रह करताच पुन्हा सांगितलं. अखेर साहेब घड्याळ बघत म्हणाले, "निकाल सांगा हो, मला पुणं गाठायचंय."

तात्या उठले. तर राजवर्धनच आडवा आला.

"असं कसं साहेब? आमची हळद शिजताना बघितलीच न्हाई तुमी."

त्यानं साहेबांना कढईपासून गोदामापर्यंत फिरवलं, पोत्यावर बसवून भडंग चारलं. साहेब परतले ते भुवयांपर्यंत पिवळे होऊन.

"डोकं ठिकाणावर हाय का रं तुझं?" धैर्यशील पुटपुटला.

"पाव्हण्याला मान द्यायचा न्हाई व्हय?" राजवर्धननं नजर चुकवली.

दिवेलागण झाली. राहीबाईंनी हापिसातल्या देव्हाऱ्यात निरांजन लावलं, डबा उघडला, शांतपणे भाकरी खाल्ली, वर पाणी घेतलं.

"भावजी, मी भैरोबाला हात जोडलं. कागद आणा."

दोन चिठ्ठ्या पडल्या. दोन्हींवर 'नाही'. "वैनीचं न्हाई, म्हंजे माझंबी न्हाई," तात्या सुटकेनं खुर्चीत टेकले. पेढे तोवर संपले होते. साहेब रिकामा बॉक्स घेऊन गेले.

"आन धैर्या," राहीबाई म्हणाल्या, "सोमवार हुडकून काढलास व्हय? तुझ्या बानं जेवून हात उचल म्हणलं हुतं, हात बांधून ठेव म्हणलं न्हवतं."

धैर्यशीलनं मान खाली घातली, पण खाली घातलेल्या मानेनं तो हसतच होता.

सकाळी राहीबाई अंगणात सडा घालत होत्या. राजवर्धन हळदीचं गाठोडं घेऊन बाहेर आला आणि त्यानं बूट उंबऱ्याशीच काढून ठेवले.

"काल घंटेला तूबी हात जोडलंस. डोळं मिटता मिटता बघितलं मी. काय मागितलंस?"

"आईचा हात मोजू दिऊ नगंस, अनवाणी येऊन हळद वाहतो म्हणलं." तो अंगठ्यानं माती उकरत राहिला. "तू न्हाईच म्हणणार, ह्या खात्रीवर चार वरसं बोलत हुतो. गिरणी गेली तर शनिवारी मी कुठं येऊ?"

राहीबाईंनी सड्याची बादली खाली ठेवली. त्यांनी गाठोडं त्याच्या डोक्यावर नीट बसवून दिलं. राजवर्धन खडीवर जपून पाय टाकत, अनवाणी, भैरोबाच्या वाटेला लागला.