विरोधी बाजू

किटली सूनबाईंनीच फोडली, हे आधीच सांगून टाकतो. वाचकांना ताटकळत ठेवून आपल्याला काय मिळणार आहे? सासूबाईंची ती चिनी मातीची किटली, पांढरीशुभ्र, काठाला निळी रेघ. वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात बसून. तिच्यातून कधी कोणी चहा प्यायलं नाही. ती फक्त पुसायची आणि परत ठेवायची. सासूबाई बाहेर गेल्या असताना सूनबाई त्याच कपाटातून वर्गाचे तक्ते काढायला गेल्या, कोपर लागलं आणि किटलीची तोटी तुटून खणात पडली. आता अशा वेळी खरं सांगावं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण खरं सांगायला छाती लागते, आणि डिंकाची बाटली हाताशी होती.

दोन दिवसांनी सासूबाईंनी किटली पुसायला घेतली, तर तोटी फडक्याबरोबर निघून आली. सूनबाई आतून म्हणाल्या, "शेजारचं मांजर शिरलं असेल." झालं. सासूबाईंनी मांजराच्या मालकिणीशी त्याच दुपारी बोलणं टाकलं.

सूनबाई संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. नोकरी कच्ची. महिनाअखेरीस तपासणीला साहेब येणार होते. त्यांना धडा पसंत पडला तर सूनबाई कायम, नाहीतर वर्गाला कुलूप. त्यातही एक अट होती, की पटावर निदान दहा माणसं हवीत आणि त्यांत शिक्षकाच्या नात्यातलं कोणी नको. नेमका दहावा माणूस दुसऱ्या गावी निघून गेला. सूनबाईंनी खूप शोधाशोध केली आणि शेवटी जे माणूस घरात रिकामं होतं त्यालाच वर्गात नेऊन बसवलं.

"आई, तिथे मला सूनबाई म्हणायचं नाही हं."

"मग काय म्हणू?"

"टीचर म्हणा."

"आणि घरी?"

"घरी तुम्हाला हवं ते म्हणा."

"ते म्हणतेच की," सासूबाई म्हणाल्या.

गंमत म्हणजे सासूबाईंना इंग्रजीची गोडी लागली. एक दिवस वर्ग चुकवला नाही. व्याकरणाचं खोबरं करत, पण बोलायला घाबरत नसत. घरातही त्यांना बोलायला घाबरताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी साहेब आले आणि मागच्या बाकावर अंग चोरून बसले. विषय होता, लिहिताना एखादी कल्पना कशी वाढवायची. सूनबाईंनी फळ्यावर एका ओळीत लिहिलं: वर्णन, उदाहरण, तुलना, कारण, परिणाम, विरोधी बाजू. (हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. पण त्या वर्गाचं इंग्रजी जसंच्या तसं छापलं तर इंग्रजीच्या जिवाला धोका आहे, म्हणून मराठीत सांगतो.)

"एक वाक्य टाकून पळ काढायचा नाही," सूनबाई म्हणाल्या. "त्याला खायला-प्यायला घालून मोठं करायचं. आपलं आजचं वाक्य आहे, 'व्यायाम आरोग्याला चांगला असतो.' वाढवा बघू."

कोणी वाढवेना. टॅक्सीवाला खिडकीबाहेर बघत होता. नर्स दिवसभराची ड्यूटी करून आली होती, तिला व्यायामाचं नाव ऐकूनच थकवा आला. न्हाव्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "टीचर, चांगला असतो. संपलं." मागे साहेबांनी तोंडावर हात ठेवून जांभई दिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. घाबरलेला माणूस नको ते बोलून जातो, तशा सूनबाई बोलून गेल्या, "बरं, तुमच्यापैकी कोणीतरी स्वतःचं वाक्य द्या. घरातलं. अगदी खरं."

सासूबाईंचा हात वर गेला.

"आमची किटली फुटली," त्या म्हणाल्या.

वर्ग जागा झाला. व्यायामाशी कोणाचं काही देणंघेणं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरातली फुटलेली किटली कोणाला नको असते? सासूबाईंनी वर्णन असं केलं की नर्सनं हळहळून चुकचुक केली. पाठोपाठ परिणाम सांगितला, तो म्हणजे मांजराच्या मालकिणीशी धरलेला अबोला. साहेबांनी जांभई अर्ध्यावर मिटली.

"छान," सूनबाई घाईघाईनं म्हणाल्या. "आता तुलना करू. नवी किटली आणि जुनी..."

"टीचर, कारण राहिलं," टॅक्सीवाला म्हणाला. टक्कर झाली की चूक कोणाची हे ठरल्याशिवाय हलायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. "आजी, मांजर आलं कुठून?"

"खिडकीतून."

"खिडकी उघडी कोणी ठेवली?"

"सुनेनं."

"कारण नंतर बघू," सूनबाई म्हणाल्या.

"नंतर कशाला?" साहेब मागून म्हणाले. "चांगलं चाललंय. चालू द्या. आणि मुद्दे फळ्यावर घेत चला."

आता काय करता? सूनबाईंनी खडू उचलला. नर्सनं विचारलं, "आजी, तुकडे कुठवर उडाले होते?"

"तुकडे नव्हतेच. तोटी जागेवर होती. मी पुसायला गेले आणि हातात आली."

"तुटली होती तर जागेवर राहिली कशी?"

"आत पिवळा पिवळा थर होता ना चिकट. मला वाटलं, कारखान्यातच तशी बसवतात."

"डिंकानं?" न्हावी म्हणाला. "अहो आजी, चहा ओतला की सुटेल नाही का ती?"

"त्यात आम्ही चहा कधी ओतलाच नाही."

टॅक्सीवाला सावकाश उभा राहिला, वकील उभा राहतो तसा. "म्हणजे आधी तुटली. मग कोणीतरी चिकटवली. आजी, मांजर डिंक लावत नाही."

"फळ्यावर घ्या," साहेब म्हणाले. ते आता मागच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आले होते.

सूनबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मांजर डिंक लावत नाही.' स्वतःच्या गळ्याचा फास स्वतःच वळायचा आणि वर शुद्धलेखनही सांभाळायचं, असली पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

"घरात कोण कोण असतं?" नर्सनं विचारलं.

"मी, माझा मुलगा आणि सून."

"मुलानं चिकटवली असेल."

"तो?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, तोटी कुठली लावतोय."

"मुलगा बाद," न्हावी म्हणाला. "टीचर, लिहा."

सूनबाईंनी नवऱ्याला बाद केलं. आता एकच नाव उरलं होतं आणि ते लिहायला खडू पुढे सरकत नव्हता.

"सून काय करते, आजी?" साहेबांनीच विचारलं. आता ते पहिल्या बाकावर होते.

सासूबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर सूनबाईंवर गेली. सूनबाईंचा चेहरा त्या खडूसारखा झाला होता. टेबलावर तक्ते, तक्त्यांशेजारी डिंकाची बाटली, आणि बाटलीतला डिंक पिवळा. सासूबाईंनी तोंड मिटलं. त्यांना एका दमात दोन गोष्टी कळल्या. किटली कोणी फोडली, हे कळलं. आणि ते इथे बोलून दाखवलं तर सुनेची नोकरी, आपलं इंग्रजी आणि अख्खा वर्ग, सगळंच बुडतं, हेही कळलं.

"सून नोकरी करते," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"कच्ची."

"मग घरी गेल्यावर धरा तिला," टॅक्सीवाला म्हणाला. "सोडू नका."

"थांबा, थांबा," साहेब उठून थेट फळ्यापाशी आले. त्यांना कोणी शिकवायला लावलं नव्हतं, पण आता त्यांच्यानं राहवेना. "हे सगळं एकाच बाजूचं झालं. टीचरनं फळ्यावर शेवटी काय लिहिलंय? विरोधी बाजू. आजी, तुम्ही आता उलट वाक्य घ्या, 'माझी सून चांगली आहे.' आणि ते वाढवून दाखवा. हे जमलं तर मला पुढे काही बघायचं नाही, मी इथेच सही करतो."

सूनबाईंनी डोळे मिटले. ज्या बाईची किटली आपण फोडली, वर मांजरावर ढकलली, तिनं आता आपलं कौतुक करायचं, आणि तेही उदाहरणासह. नोकरी गेली म्हणून समजा, असं त्या मनाशी म्हणाल्या.

सासूबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"माझी सून चांगली आहे," त्या दात आवळून म्हणाल्या.

"उदाहरण?"

पंखा घरघरत होता. टॅक्सीवाला दबक्या आवाजात म्हणाला, "आजी, नसेल तर राहू द्या."

"गप रे. आठवतेय मी." सासूबाईंनी आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी घोरते. माझा मुलगा म्हणतो, भिंत हलते. माझ्या सुनेनं आजवर मला एकच सांगितलंय, 'आई, तो पंख्याचा आवाज आहे.' तीनदा पंखा दुरुस्तीला नेऊन आणलाय तिनं."

सूनबाईंनी डोळे उघडले. हे आईंना माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तुलना," साहेब म्हणाले.

"माझ्या सासूची किटली माझ्या हातून फुटली असती, तर मी चिकटवत बसले नसते. उकिरड्यावर टाकली असती आणि चोरी झाली म्हणून आरडाओरडा केला असता. त्या मानानं तिनं निदान मेहनत घेतली."

"कारण?"

"का चिकटवली? मला वाईट वाटू नये म्हणून." सासूबाई थांबल्या. "किंवा मला भिऊन. दोन्ही लिहा, टीचर."

टीचरनं दोन्ही लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली, कारण डोळ्यांना फळा नीट दिसत नव्हता.

"आणि परिणाम?" न्हाव्यानं उत्सुकतेनं विचारलं.

सासूबाईंनी सूनबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले. "परिणाम घरी गेल्यावर ठरेल."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, वर्गानंही वाजवल्या. त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली आणि निघताना सूनबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "त्या आजींना सोडू नका हं. वर्गाचा जीव आहे त्यांच्यात. त्यांची सून नशीबवान, पण तिला ते कळत असेल असं वाटत नाही."

"कळतं, साहेब," सूनबाई म्हणाल्या.

घरी जाताना सासूबाई चार पावलं पुढे चालत होत्या. अर्ध्या रस्त्यात सूनबाईंनी त्यांना गाठलं.

"आई, चुकलं माझं. आणि तुम्ही तिथे माझ्याबद्दल एवढं चांगलं बोललात..."

"ती विरोधी बाजू होती," सासूबाई म्हणाल्या. "विरोधी बाजू म्हणजे आपल्याला पटत नसली तरी मांडायची. तूच शिकवलंस ना?"

सूनबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी पदराआड दाबलं. सासूबाई आता दोनच पावलं पुढे होत्या.

दारात मुलगा वाट बघत उभा होता. "काय झालं गं आई, तपासणीचं? झाली का ही कायम?"

"झाली," सासूबाई चपला काढत म्हणाल्या. "शाळेत झाली. घरी अजून कच्चीच आहे."