हरलेल्याचा पहिला नंबर

अन्याय वसंत दळवी यांच्यावर झाला. दोन हजार सात सालच्या एप्रिलमध्ये, शेवटच्याच्या आधीच्या रविवारी सकाळी, सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत, कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, पहिला कप संपून दुसरा यायच्या आत. करणारे तिघे होते. तिघेही शिकलेले, तिघेही मराठी, आणि आपण काय केलं याचा तिघांनाही आजपर्यंत पत्ता नाही. म्हणून मी हे लिहायला बसले.

पुण्यात कॉलेजला असताना मी पत्रकं लिहायचे. होस्टेलचं पाणी, मेसमधल्या अळ्या, फीवाढ. वर निषेध, मध्ये मुद्दे, खाली मागणी. सिंगापूरला सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीवर आले आणि हात रिकामे झाले. इथे लिफ्ट बंद पडली तर ती बंद असल्याची दिलगिरी चार भाषांत लावलेली असते. अशा गावात कुणाविरुद्ध लिहिणार? मग मला घरमालक म्हणून दळवीकाका मिळाले.

चोआ चू कांगला त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच संध्याकाळी काका सोफ्यावर बसून फोनवर बोलत होते. मांडीवर एका अगडबंब गोऱ्या मुलाचा फोटो, ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेला.

"मुलगा चांगलाय हो. उंचीला सहा फुटांच्या वर. दिसायला बेताचा, पण आपल्याला कुठे नाटकात घालायचाय. आई शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. एक गुडघा जरा नाजूक आहे, पण त्यांनी लपवलेलं नाही, हे महत्त्वाचं."

फोन ठेवल्यावर मी सभ्यपणे विचारलं, "मुलगी काय करते?"

"कुणाची मुलगी?"

"ज्यांच्यासाठी स्थळ बघताय त्यांची."

"छे गं. हे आमच्या टीमसाठी आहे."

टीम म्हणजे अमेरिकेतली. फुटबॉलची, पण तो हातानं खेळायचा फुटबॉल, ज्यात चिलखत घालून एकमेकांवर आदळतात. काका सत्तरच्या दशकात शिकायला तिथल्या एका थंडगार कारखान्याच्या गावात होते, आणि त्या गावची टीम त्यांना तेव्हाच चिकटली. टीमचं नाव मी लिहीत नाही. तिची पुरेशी शोभा झालेली आहे. ती दर वर्षी हरते. हौशीनं नाही, मन लावून हरते. काकांचं यावरचं म्हणणं ठरलेलं: "हरायचंच आहे, पण नीट हरू." मोसम सुरू होताना हे वाक्य ते सणावाराच्या शुभेच्छा द्याव्यात तसं सगळ्यांना म्हणतात.

त्यांचा खरा सण एप्रिलमध्ये. तेव्हा अमेरिकेतल्या टीम कॉलेजच्या पोरांमधून एकेक मुलगा निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मला वाटलं, असेल काहीतरी पैसेवाल्यांचा बाजार. तेवढ्यात काकांनी नियम सांगितला. जी टीम गेल्या वर्षी सगळ्यात वाईट हरली, तिला पहिला मुलगा निवडायचा हक्क. जिंकलेली सगळ्यात शेवटी.

"म्हणजे हरलेल्याला आधी विचारतात," काका म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला. होस्टेलपासून नोकरीपर्यंत मी जिंकलेल्यालाच आधी विचारताना पाहिलं होतं. पाच वर्षं पत्रकं लिहून मला जी मागणी नीट मांडता आली नव्हती, ती या धिप्पाड लोकांनी नियमात बसवली होती. त्या दिवसापासून मी काकांचं ऐकायला लागले, आणि ते मला "पुढारी" म्हणायला लागले. "पुढारी, दूध संपलंय. निषेध नंतर कर, आधी घेऊन ये."

सिंगापुरात या टीमचे मराठी चाहते मोजून चार. काका आणि ते तिघे. सबनीस, गोरक्षकर आणि जाधव. तिघेही अमेरिकेच्या त्याच भागात पुढे कधीतरी शिकलेले, तिघेही तांजोंग पगारला बँकांत मोठ्या खुर्च्यांवर, तिघांचेही ईस्ट कोस्टला काँडो, म्हणजे पोहायच्या तलावासकट महागडे फ्लॅट. ड्राफ्टच्या आदल्या रविवारी चौघे हॉकर सेंटरमध्ये जमतात आणि आपल्या टीमनं कुठला मुलगा घ्यावा यावर भांडतात. टीमला हे माहीत नाही. कळलं असतं तरी तिनं चुकीचाच मुलगा घेतला असता.

काका बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, जुराँग ईस्टला गाडी बदलून, बेडोकहून बस धरून येतात आणि सगळ्यांच्या आधी पोचतात. चार खुर्च्यांवर चार टिश्यूची पाकिटं ठेवतात. या गावात टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की जागा कुणाची तरी आहे असं समजून माणसं पुढे जातात. मग काँडोवाले समोरूनच गाडी काढून येतात, उशिरा.

बाकीच्या तिघांना बॉल फेकणारा हवा असतो, नाहीतर बॉल घेऊन पळणारा. काकांना नेहमी पुढच्या फळीतला जाडा हवा असतो. हा गडी पुढे उभा राहतो आणि अंगावर येणारे धक्के खातो, म्हणजे मागच्याला बॉल फेकायला वेळ मिळतो. त्याच्या स्वतःच्या हातात बॉल कधी येतच नाही. त्याचं नाव माइकवर घेतात ते तो चुकला तरच. अशा मुलांची काका लग्न ठरवायला निघाल्यासारखी चौकशी करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "आई काय करते?" एकदा एका नामांकित पोराला त्यांनी उडवून लावलं, कारण त्यानं तीन कॉलेजं बदलली होती. "याचं कुठे पटत नाही. आपल्याकडे नांदायचा नाही."

"काका, आपल्याला जावई नकोय, बॉल फेकणारा हवाय," सबनीस म्हणायचे.

"फेकतील हो सगळे. उभं कोण राहणार ते सांगा."

बोलण्याचा क्रमही काकांनीच घालून दिलेला. ड्राफ्टसारखाच. ज्याचं वर्ष सगळ्यात वाईट गेलं, त्यानं आधी बोलायचं. त्यासाठी आपापलं दुःख एका वाक्यात सांगायचं, मग सगळ्यांनी ठरवायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन धडधाकट बँकवाले स्वतःचं वर्ष जास्त वाईट कसं, यासाठी तावातावानं भांडत होते. जाधव म्हणत होते, "माझी सासू तीन महिने राहून गेली, यावर चर्चा नको." सबनीसांनी मूळव्याध काढली. काका मात्र दर वर्षी एकच सांगायचे, "माझं बरं गेलं," आणि आपण होऊन शेवटी बसायचे. त्यांची पाळी येईपर्यंत प्राट्याची, म्हणजे इथल्या पराठ्याची, रस्सा-वाटी वाळून जायची. ते त्यांना चालायचं.

आता काकूंबद्दल. सुनंदाकाकू पुण्यात असतात. काकांच्या आईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या सासूबाईंना सांभाळायला महिनाभर म्हणून गेल्या, आणि मग आई काही उठल्या नाहीत. वर्षांमागून वर्षं गेली. काका इथून फोन करायचे, औषधांची नावं विचारायचे, टीम कशी हरली ते सांगायचे. आई शेवटी गेल्या. वर्षश्राद्ध उरकून काकू इकडे यायच्या होत्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत काकांनी मला मोठ्या खोलीतून छोट्या खोलीत हलवलं. मी भाडेकरूचे हक्क या विषयावर त्यांना जेवणाच्या टेबलावर ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागण्या रास्त आहेत. आता जरा उभी राहा." काकू माझ्याएवढ्याच उंच. मला कपाटाच्या दारापाशी उभं करून त्यांनी पेन्सिलनं खूण केली आणि आतल्या बाजूला आरसा बसवून घेतला. बसवणाऱ्या चिनी म्हाताऱ्यानं सवयीनं वर लावला, तर काढायला लावून पुन्हा खाली लावून घेतला. नवा मिक्सर आला. गॅलरीत तुळस आली. ऑफिसला जाताना तिलाही "येतो" म्हणायचे. मला हसू यायचं.

त्या रविवारच्या दोन-तीन दिवस आधी मी भांडी घासत होते. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले.

"पुढारी, तू मोठ्या खोलीत परत जा."

"आणि काकू?"

"ती तिकडेच राहतेय." एक भांडं पुसायला घेत म्हणाले, "तिचं म्हणणं बरोबर आहे. तो आरसा तुला उपयोगी पडेल. तुझ्याच उंचीला आहे."

काकूंचा निर्णय काकूंचा आहे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या आईचं करून झाल्यावर एका बाईनं आता मी माझ्या मनानं राहणार म्हटलं, तर मी तिच्या बाजूनं मोर्चा काढीन. काकाही त्या मोर्च्यात मागे कुठेतरी चालले असते. पण त्या रात्रीपासून ते तुळशीशी बोलेनात.

रविवारी मला म्हणाले, "चल, प्राटा खायला." पाच पाकिटं ठेवली. तिघे आले, कोपी आली. सबनीसांनी सुरुवात केली, "हं, बोला. कुणाचं वर्ष मातीत गेलं?"

काका म्हणाले, "यंदा पहिला नंबर मला द्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाधवांनी टाळी वाजवली. "अरे, काकांना पण लोभ सुटला."

"कारण?" गोरक्षकर म्हणाले. "नियम तुमचाच आहे, काका. एका वाक्यात."

काकांनी कपाच्या तळाशी बसलेल्या साखरेकडे बघितलं. चमचा फिरवला. मला वाटलं, आता सांगतील. त्या माणसानं उभ्या आयुष्यात जेवढं मागितलं नसेल तेवढं त्या एका वाक्यात मागितलं होतं, आणि पुढचं वाक्य त्यांना जमेना.

"पाठ दुखते," ते म्हणाले.

टेबल हसलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"काका, पाठ तर माझी पण दुखते. माझ्या पोरीचा शाळेच्या सोडतीत नंबर नाही लागला, बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही. ही खरी केस आहे," गोरक्षकर म्हणाले.

मी मध्ये पडले. "त्यांना द्या पहिला नंबर."

"का? तू सांग."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. ते वाक्य त्यांचं होतं, माझं नव्हतं. मोर्च्यात मला कुणी कधी गप्प करू शकलं नाही, इथे मी गप्प बसले.

"घ्या हो, गोरक्षकर," काका म्हणाले. "माझं बरंच गेलं म्हणायचं."

मग गोरक्षकर बोलले, सबनीस बोलले. एका पळणाऱ्या पोरावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. जाधव तर उभं राहून, खुर्ची आडवी घालून, तो पोरगा कसा पळतो ते दाखवत होते. एवढ्यात सबनीसांनी घड्याळ बघितलं. "बापरे, पार्किंगचं कूपन संपतंय." जाधवांच्या मुलाची ट्यूशन होती. मुलाचा फोन आलाच, "पा, where are you lah." गोरक्षकर उठता उठता म्हणाले, "काका, तुमचा तो जाडा असेलच. आम्ही धरून चालतो." आणि गेले.

काकांची पाळी आलीच नाही. टेबलावर पाच पाकिटं आणि आम्ही दोघं. टेबल पुसणाऱ्या मावशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी पाकिटं खिशात भरली.

मग परतीची गाडी धरली. जुराँग ईस्टच्या अलीकडे मी विचारलं, "कुणाला घेणार होतात?"

त्यांनी फोटो काढला. घामेजलेला, डोळे बारीक केलेला, एक जाडा मुलगा.

"हा. आई लाँड्रीत आहे. चार वर्षं एकाच जागी उभा राहिला, बघ. एकही सामना चुकवला नाही." फोटो त्यांनी पुन्हा घडी करून ठेवला. "अशांमुळे मागच्याला वेळ मिळतो. मला खूप वेळ मिळाला, पुढारी. माझ्या पुढे कोण उभं आहे, ते बघायचं राहिलं."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरवर निकाल बघितला. टीमनं पळणारा पोरगा घेतला होता. फोटोत त्याच्या गळ्यात साखळी, शेजारी गाडी. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते, ते नेहमीचं वाक्य म्हणतील म्हणून.

"हरायचंच आहे," काका म्हणाले.

पुढचं अर्धं आलं नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि तुळशीला पाणी घालायला गेले, मुकाट्यानं.

या तिघांना मी दुष्ट म्हणत नाही. दुष्ट असते तर पत्रक सोपं झालं असतं. ते नियमानं वागले, आणि नियम काकांचाच होता. फक्त सगळ्यात वाईट हरलेल्या माणसाला आपण कसे हरलो ते सांगता येत नाही, एवढं त्या नियमात कुणी लिहिलं नव्हतं. मी ते आता लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे आणि ती फक्त त्या तिघांकडे नाही. तुम्ही पण कुठल्यातरी टेबलाशी बसत असणार. तिथेही कुणीतरी लांबून येऊन सगळ्यांच्या जागा धरत असणार, आणि माझं बरं गेलं म्हणत असणार. येत्या रविवारी त्याला पहिला नंबर द्या. कारण विचारू नका. आणि त्याचं बोलून होईपर्यंत उठू नका.