दारात अडकलेला कढीपत्ता

"आज रात्री फ्रॉस्ट आहे, सगळं गोठणार, आणि माझं झाड अजून बाहेर आहे," इलाने सकाळच्या चहालाच जाहीर केलं.

गुरुदत्तने निवांत मान डोलावली. त्याच्या मते मिशिगनमधल्या ट्रॉय गावातलं आपलं घर हिवाळ्याला सज्ज होतं. छपराच्या गटर्समधली पानं काढून झाली होती, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलला होता, बाहेरच्या नळांचं पाणी बंद केलं होतं. आणि मागच्या अंगणात उघडणारं दार तर त्याने नवंकोरं बसवून घेतलं होतं, वाऱ्याची झुळूकही आत येणार नाही असं. गाड्या डिझाइन करणाऱ्या माणसाला घट्ट बसणाऱ्या दाराचं कोण कौतुक. ते जुन्या दारापेक्षा अरुंद आहे, हे मात्र त्याने बायकोला सांगितलं नव्हतं.

आता हे झाड म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. ते होतं कढीपत्त्याचं. इथल्या मराठी घरांत कढीपत्ता कुंडीत राहतो, उन्हाळ्यात बाहेर आणि हिवाळ्यात आत, आणि वर्षाकाठी चार पानं देऊन उपकार करतो. इलाचा कढीपत्ता मात्र आंबट ताक पिऊन पिऊन असा माजला होता, की बघणाऱ्याने मान मागे टाकून बघतच राहावं. त्याच्या सावलीत दोघं खुर्च्या टाकून चहा प्यायचे. नवखा माणूस त्याच्यासमोर न सांगता चपला काढायचा. मिशिगनमध्ये हे उभं आहे, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नसे. इलाने त्याचं पान कुणाला सुखासुखी दिलं नव्हतं. एका रात्रीच्या फ्रॉस्टनेही झाड मरू शकतं, हे ठाऊक असल्याने तिचा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी गुरुदत्तने कुंडी चाकांच्या फळीवर चढवली आणि ढकलली. कुंडी आत गेली, फांद्या चौकटीत अडकल्या. झाड ना घरचं ना घाटचं. दार उघडंच, आणि फर्नेस धडधडत सगळं अंगण गरम करत होता.

"बाजूने थोडं छाटू या का?" गुरुदत्तने भीत भीत विचारलं.

"एक पान तुटलं तर बघ."

"नाही तुटणार, गॅरंटी. फक्त अँगल चुकतोय."

शेजारची दीपा डोकावली आणि तिने इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'इलाचा कढीपत्ता दारात अडकलाय, हेल्प पाहिजे.' गणपतीच्या आरतीला जे फिरकले नव्हते, तेही धावत आले. आले आणि नुसते वर बघत उभे.

"जन्म गेला या देशात," रिटायर्ड सर्जन नरेंद्रकाका हलक्या आवाजात म्हणाले, "पण असं काही बघितलं नाही रे."

मग सगळे कामाला लागले. इला आतून कुंडी ओढत होती. पानांच्या भिंतीपलीकडचं तिला काहीच दिसत नव्हतं. बाहेर प्रत्येकाने एकेक फांदी धरली होती आणि गुरुदत्त झाडाभोवती फिरत सूचना देत होता. "थोडं तिरकं. अजून तिरकं." मधूनच कुठेतरी कट् असं वाजायचं.

"कसला आवाज तो?" इलाने आतून विचारलं.

"दाराचा गं," दीपा म्हणाली. "नवीन आहे ना, करकरतंय."

आणि चमत्कार झाला. जे झाड तसूभर हलत नव्हतं, ते हळूहळू सरकायला लागलं, आणि ऊन उतरायच्या आत अलगद घरात आलं. मागोमाग सगळे आत आले, टाळ्या पडल्या. "मी म्हणालो नव्हतो? अँगल," गुरुदत्त म्हणाला.

इलाने वर पाहिलं. तिथे एक उंच काठी होती आणि शेंड्याला तुरा. मग तिच्या लक्षात आलं, की घरभर वास दरवळतोय आणि प्रत्येकाचं जॅकेट फुगलंय. नरेंद्रकाकांच्या बाहीतून एक डहाळी बाहेर डोकावत होती.

तिने शांतपणे दार लावलं. "सगळ्यांनी खिसे रिकामे करा."

डायनिंग टेबलावर ढीग चढत गेला, टेबल दिसेनासं झालं. लाजायचं सोडून सगळे त्या हिरव्या डोंगराकडे बघत राहिले.

"पुण्याची मंडई सोडल्यावर एवढा कढीपत्ता आजच बघतेय," दीपा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"पेशंट जगेल," काका खोड चाचपत म्हणाले. "छाटलं की जोमाने फुटतं."

गुरुदत्त तेवढा भिंतीला पाठ लावून उभा होता.

"तू पण," इला म्हणाली.

"मी? मी तर फक्त अँगल बघत होतो यार."

"जॅकेट."

त्याने चेन खाली ओढली. आतून डहाळ्या नाही, अख्ख्या फांद्या पडल्या. सगळ्यात शेवटी छाटायची कात्री पडली.

इला त्या कात्रीकडे बघतच राहिली. हसावं की रडावं तिला कळेना. मग तिने ढिगातून जुड्या बांधल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिली, काकांना दोन. नवऱ्याला काहीच दिलं नाही.

"मे महिन्यात हे झाड बाहेर जाईल आणि पुढच्या थंडीला दुप्पट होऊन परत येईल," ती त्याला म्हणाली. "तोवर दार मोठं करून ठेव."